पट्टेवाल्याची बदली

...नाही, पण मी म्हणते, गुडघे कुणाचे? वीणाताईंचे! मग ते दुखतात की नाही हे ठरवणार कोण? तर नरेंद्र! तुम्हाला सांगते, जुलैमधल्या एका रविवारी पोहे खाता खाता हा माणूस बशीतून मान वर न करता म्हणतो, "वीणा, आपण हे घर विकू या. तुझ्या गुडघ्यांना आता जिने झेपत नाहीत." आता वीणाताई त्या जिन्यावरून दिवसातून पंधरा वेळा वरखाली करायच्या, कमरेवर लाँड्रीचं बास्केट, कानाला फोन, आणि वर पोचेपर्यंत फोनवरचं वाक्यसुद्धा तुटायचं नाही! पण नवऱ्यानं आपल्या गुडघ्यांचा विचार केला म्हटल्यावर बाई विरघळली हो! आमच्या या पार्सिपनी गावातल्या झाडून सगळ्या मैत्रिणींना फोन. "यांना बाई माझी फार काळजी!" मलासुद्धा केला. मी म्हटलं, वीणाताई, जपून हं. रिटायर्ड नवरा एकदम काळजी करायला लागला की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. पण ऐकतंय कोण!

तर विकलं. एकतीस वर्षांचं घर, मुलगा निहार त्यात लहानाचा मोठा झालेला, मागच्या अंगणात कढीपत्त्याची कुंडी दर हिवाळ्यात आत-बाहेर करून जगवलेली... विकलं! आणि पंचवीस मिनिटांवर एक काँडो घेतला, पंचावन्नच्या पुढच्या लोकांसाठीचा, सगळं एका मजल्यावर, जिना नाही, उंबरठा नाही, बाथरूममध्ये धरायला दांड्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी मूव्हर्स आले, दोन तासांत घर असं रिकामं केलं की बोललं तर घुमायला लागलं. सोफा गेला, पलंग गेला, देव वीणाताईंनी स्वतः आदल्या दिवशी मांडीवर घेऊन नेले होते. राहिला एक फिश टँक. मूव्हर्सचा तो दांडगा मुकादम टँकपाशी उभा राहिला, वाकून बघितलं, आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "नो मॅम. वी डोन्ट डू फिश." आणि गेला की! दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला घराच्या किल्ल्या नव्या मालकांच्या हातात द्यायच्या, आणि दुपारी दोन वाजता रिकाम्या घरात कोण? नरेंद्र, वीणाताई आणि मासा!

आता मासा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? सोनेरी, झुळझुळीत शेपटीचा, बघून जीव थंड व्हावा असा... तसला नव्हे हो हा! वीतभर लांब, काळपट, डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढुरके पट्टे, तोंडाला मिशा, कुशीला करवतीसारखे दाते, आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक काटा, दाभणासारखा! कॅटफिशच्या जातीतला. सतरा वर्षांपूर्वी निहारनं हायस्कूलमध्ये असताना हट्टानं आणला, नाव ठेवलं 'स्ट्राइप्स', आणि वर्षा-दोन वर्षांत कॉलेजला गेला तो गेलाच, आता तिकडे बॉथेलला, वॉशिंग्टन स्टेटमध्ये, सिअॅटलजवळ, एका बायोटेक कंपनीत. मासा इथे! वीणाताईंनी त्याचं नाव ठेवलं पट्टेवाला. एक तर अंगावर पट्टे, आणि दुसरं म्हणजे सरकारी कचेरीतल्या पट्टेवाल्यासारखा दिवसभर कुठे असतो कुणाला पत्ता नाही! टँकच्या तळाशी एक प्लास्टिकचा पाइप टाकलेला, त्यात शिरून बसलेला. पाहुणे विचारायचे, "वहिनी, रिकामा टँक का ठेवलाय?" आणि त्याला उचलायला जावं तर तो ओरडतो! खरंच सांगते! परांचे काटे खाचेत घासून आवाज काढतो, कुर्र... कुर्र... कुर्र... जुन्या दाराच्या बिजागरीसारखा.

पण नरेंद्रांचा जीव त्याच्यावर. मुलाशी रविवारी वीस मिनिटं, तीसुद्धा सिअॅटलच्या पावसावर, आणि पट्टेवाल्याशी रोज संध्याकाळी पाऊण तास. त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. काय बोलायचे कुणास ठाऊक.

वीणाताईंनी काय केलं, आदल्या आठवड्यातच माशांच्या दुकानात जाऊन विचारून आल्या होत्या. काउंटरवर एक पोरगी, अर्धे केस निळे, नाकात वेसण... पण काय शहाणी मुलगी हो! म्हणाली, ओ माय गॉड, सतरा वर्षांचा आहे? मग नीट ऐका. निघायच्या आधी दोन दिवस खायला घालू नका, नाहीतर प्रवासात पाणी घाण करेल. जाळी अजिबात वापरायची नाही, घाबरला की तो काटे छत्रीसारखे उघडतो आणि ते जाळीत अडकले की सुटत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, भोसकेल. हातानं तर धरूच नका! झाकणाचा टब घ्या, त्यात टँकचंच जुनं पाणी भरा, तो त्याच्या पाइपात बसलेला असताना पाण्याखालीच पाइपची दोन्ही तोंडं फडक्यानं बंद करा, आणि अख्खा पाइप माशासकट उचलून टबात ठेवा. वर झाकण, अंधार, ऊब. झालं! वीणाताईंनी सगळं मूव्हर्सच्या एस्टिमेटच्या मागच्या बाजूला लिहून आणलं. आणि वीणाताई मूळच्या अलिबागच्या, त्यांना काट्याचं वेगळं सांगायला नकोच, शिंगाळा, ह्याच जातीतला मासा, आणला की कोळीण काटे मोडल्याशिवाय टोपलीबाहेर काढायचीच नाही! तर त्यांनी तो कागद नवऱ्यापुढे धरला. "अहो, असं करायचंय. मी एका बाजूनं फडकं धरते, तुम्ही दुसऱ्या..."

"मी करतो. तू बाजूला हो."

झालं! चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत सुया घातलेला माणूस हो! डोळ्यांचे सर्जन. मोतीबिंदू किती काढले त्याची गणती नाही, हात असा की नर्सेस म्हणायच्या, डॉक्टर, तुम्ही श्वास तरी घेता का? निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ऐट तीच. बल्ब बदलायचा? "मी करतो." आंबा कापायचा? "मी करतो." पण तुम्हाला सांगते, त्या वर्षात हे जरा विचित्रच चाललं होतं. करतो म्हणायचे आणि करायचे नाहीत! आंबा तसाच राहायचा. चहा अर्धा कपच मागायचे, वीणाताईंना वाटलं शुगर सांभाळतायत. बटणांचे शर्ट कपाटात पडून आणि रोज उठून टी-शर्ट, वीणाताईंना वाटलं, बरं झालं, इस्त्री वाचली. घराच्या कागदांवर सह्या करायला पाऊण तास लावला, वकील घड्याळाकडे बघतोय, वीणाताईंना वाटलं, घर सोडवत नाहीये बिचाऱ्यांना...

तर नरेंद्रांनी आणली जाळी! हिरवी, लांब दांड्याची, गराजमधून. वीणाताई म्हणतायत, "अहो, ती मुलगी म्हणाली जाळी नको..." "ती मुलगी दुकानात काम करते. मी ऑपरेशनं केलीयेत." आता ह्याला काय उत्तर आहे? तुम्हीच सांगा! वीणाताईंनी फोन लावला बॉथेलला, स्पीकरवर टाकला, टबाशेजारी फरशीवर ठेवला. निहार मीटिंगमधून उठून आला. "आई, व्हॉट्स गोइंग ऑन? बाबा, जाळी नका वापरू! बाबा? इज ही यूजिंग द नेट?"

वापरली! पाइप हलवला, पट्टेवाला बाहेर पडला, घाबरला, टँकभर पळाला, तळाची वाळू ढवळून पाण्याचा नुसता चिखल, त्यात काही दिसेना, आणि नरेंद्रांनी अंदाजानं जाळी मारली, उचलली, तर आत पट्टेवाला! दोन्ही काटे उघडे, जाळीच्या भोकांत आरपार, आणि त्या रिकाम्या घरात, भिंती घुमतायत, कुर्र! कुर्र! कुर्र!

"कात्री दे!" कात्री कुठली? कात्री गेली ट्रकमधून 'किचन चार' नावाच्या खोक्यात! वीणाताईंनी पर्स ओट्यावर उलटी केली, त्यातून ती नखांची एवढीशी कात्री निघाली. मासा टबावर टांगलेला, पाणी ठिबकतंय, वीणाताई म्हणतायत, "आणा इकडे, मी कापते," आणि हे... "मी करतो!" डाव्या हातात जाळी, उजव्या हातात कात्री, आणि ती कात्री काही त्या दोऱ्यावर बसेचना. एकदा. दोनदा. इकडे गेली, तिकडे गेली, तिसऱ्यांदा तर माशाच्या डोळ्याशेजारून! "बोथट आहे ही," म्हणाले आणि फेकली. बोथट? सकाळीच वीणाताईंनी तिनं नव्या टॉवेलचं लेबल उसवलं होतं! आणि मग या माणसानं, ज्याला सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी सांगितलं होतं की हातानं धरू नका, त्यानं काय केलं? हातानं धरला!

तुम्हाला सांगते, पट्टेवाल्यानं काटा मिटला. आणि काटा आणि अंग यांच्या मध्ये नरेंद्रांचं उजव्या हाताचं बोट! अडकित्त्यात सुपारी धरावी तसं! एक काटा जाळीत, दुसऱ्यात बोट, मासा कुर्र करतोय, निहार फोनमधून ओरडतोय, "बाबा, डोन्ट पुल! ओढू नका!" आणि नरेंद्र... त्यांनी आवाज नाही काढला. पांढरेफटक पडले फक्त.

वीणाताई पुढे झाल्या. त्यांनी कात्री उचलली, पहिल्याच कातरीत जाळी कापली, दुसरीत काटा मोकळा केला, नवऱ्याचं मनगट धरलं आणि हात, मासा, सगळं टबातल्या पाण्यात खाली दाबलं. "आता हलायचं नाही. त्याला वाटलं पाहिजे की कुणी काही करत नाहीये. मग सोडेल आपणहून." आणि कोपरानं फोनचं बटण शोधत म्हणाल्या, "निहार, ठेव आता, नंतर करते." कोपरानंच बंद केला.

रिकाम्या स्वयंपाकघरात फरशीवर गुडघे टेकून दोघं. दुसऱ्या हातानं वीणाताईंनी आपली शाल टबावर ओढून धरली, अंधार व्हावा म्हणून. तिच्याखाली दोन हात आणि एक मासा. बोटातून रक्त येतंय ते दिसत नाही, पण कळतंय. एक मिनिट. दोन मिनिटं. पट्टेवाला ओरडायचा थांबला. आणि वीणाताईंच्या हाताला काहीतरी लागायला लागलं. बारीक. एकसारखं. पाण्याखाली फुलपाखरू धरावं तसं.

"हलू नका हो."

"मी हलत नाहीये."

"हलताय."

नरेंद्रांनी शालीकडे बघितलं. मग म्हणाले, "वीणा, मी हलत नाहीये. हात हलतोय."

...

तुम्हाला सांगते, वीणाताई मला म्हणाल्या, त्या क्षणी मला वाटलं माशाचंच काहीतरी म्हणतायत. मग त्यांनी मनगट जरा सैल धरलं. हात थरथरतच होता. मासा शांत होता.

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"फेब्रुवारी? आणि डॉक्टर?"

"मीच डॉक्टर आहे ना. मला कळलं गं. पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून तर कुणाला दाखवलं नाही."

आता ह्यावर बाईनं काय म्हणावं? ओरडायची सोय नाही, हात पाण्यात! उठून जायची सोय नाही, मासा दचकेल! एकतीस वर्षं त्या घरात इतकी भांडणं झाली, पण एवढ्या हळू आवाजात एकही झालं नव्हतं हो.

"मे महिन्यात," नरेंद्र म्हणाले, "तू मंदिरात गेली होतीस. मी जिना उतरत होतो. मधेच पाय उचलेना. चिकटल्यासारखा. वर जाता येईना, खाली येता येईना. पंचवीस मिनिटं कठडा धरून उभा होतो. तुझी गाडी वाजली तेव्हा कसा उतरलो मलाच माहीत नाही."

 मग वीणाताईंच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे... घर... जिने..."

"हो."

"आणि माझे गुडघे?"

"तुझे गुडघे उत्तम आहेत."

"अहो, मी अख्ख्या पार्सिपनीला सांगितलं!"

आणि तुम्हाला सांगते, हसल्या हो! हसल्या म्हणजे काय, हसायला म्हणून तोंड उघडलं आणि रडूच आलं, नाक पुसायला हात नाही, तर नवऱ्याच्याच टी-शर्टच्या खांद्याला पुसलं. नरेंद्र म्हणाले, "हलू नकोस." त्या म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा!" सात-आठ मिनिटं अशीच गेली असतील. आणि मग काटा सैल झाला. कुणी काही केलं नाही. बोट सुटलं. पट्टेवाला टबाच्या तळाशी जाऊन बसला.

मग वीणाताईंनी त्या कागदावरचं सगळं एकेक केलं, जे आधी केलं असतं तर बोट वाचलं असतं! पाइप आणून टबात ठेवला. पाच मिनिटांत तो आपणहून त्यात शिरला, जणू काही झालंच नाही. झाकण लावलं, भोकं पाडलेली होतीच. टँकच्या फिल्टरमधला स्पंज टँकच्याच पाण्यात भिजवून डब्यात घेतला, तो सुकला तर नव्या पाण्यात मासा टिकत नाही म्हणे. नरेंद्रांचं बोट नळाखाली, सोसेल तेवढ्या गरम पाण्यात, अर्धा तास. तोही त्या वेसणवाल्या मुलीचाच सल्ला, काटा लागलाच तर! कागदाच्या सगळ्यात खालच्या ओळीत.

गाडीपाशी आले. रिकामा केलेला टँक डिकीत, टब मागच्या सीटवर, शालीत गुंडाळलेला, पट्टा लावलेला. नरेंद्रांनी खिशातून किल्ली काढली, जराशी हातात धरली आणि वीणाताईंपुढे केली. वीणाताई त्या घरापासून देवळापर्यंत आणि दुकानापर्यंत चालवायच्या, हायवेवर नाही, टू-एटी-सेव्हनवर तर कधीच नाही, ते नरेंद्रांचं खातं! "मी करतो" मधलं सगळ्यात मोठं! त्यांनी किल्ली घेतली. उजव्या लेनमधून, पंचेचाळीसच्या वेगानं, मागून ट्रक हॉर्न मारतायत, काच घट्ट बंद, हीटर फुल्ल, आणि मागच्या सीटवर टबावर डावा हात ठेवून बसलेला नवरा. पंचवीस मिनिटांचा रस्ता पन्नास मिनिटांत. त्यातली वीस मिनिटं तरी त्या रडत होत्या. समोर बघून. आरसा बघायचा धीर नव्हता, म्हणाल्या.

पट्टेवाला जगला! नव्या जागी टँक लावला, वाटी-वाटीनं नवं पाणी टबात मिसळलं, तासाभरानं पाइपासकट आत सोडला, तिसऱ्या दिवशी खायला लागला. नरेंद्रांचं बोट मात्र दुसऱ्या दिवशी भोपळ्यासारखं सुजलं, तेव्हा अर्जंट केअरमध्ये नेलं. तिथे परीक्षित नावाचा नागपूरचा तरुण डॉक्टर, आपलाच. त्यानं बोट धुतलं, टिटॅनसचं इंजेक्शन दिलं आणि मग म्हणाला, "काका, हे कधीपासून?"

"कालपासून. मासा..."

"बोट नाही काका. हात."

नरेंद्रांनी तोंड उघडलं, वीणाताईंना वाटलं आता "काही नाही" म्हणणार, म्हणून त्या पुढे सरसावल्या, पण त्यांनी स्वतःच सांगितलं. "फेब्रुवारीपासून. पार्किन्सन्स असावा. रेफरल दे." एवढंच. पेशंटविषयी बोलावं तसं. न्यूरॉलॉजिस्टनं डिसेंबरात तेच सांगितलं. सुरुवात आहे, गोळ्यांनी वर्षानुवर्षं बरं चालतं, पण जाणार नाही. निहारला त्या रविवारी त्यांनीच फोनवर सांगितलं, पावसाचं बोलून झाल्यावर.  मग तो म्हणाला, "बाबा, आय ॲम कमिंग," आणि खरंच आला, चार दिवस राहिला, त्यातला एक अख्खा दिवस बाप-लेक टँकसमोर दोन स्टुलं टाकून बसले होते. वीणाताईंनी आत डोकावलं नाही.

सुखान्त वगैरे काही नाही हो. जानेवारीत एकदा नरेंद्र बाथरूममध्ये पडले. पेला फुटतो. कधी कधी वाक्य अर्ध्यातच थांबतं, आणि वीणाताईंनी ते पुरं केलं की चिडतात. गोळ्यांची वेळ चुकली की अख्खा दिवस बिघडतो. शर्टाची बटणं आता वीणाताई लावतात, आणि ते छताकडे बघत उभे राहतात.

आणि व्यायाम! दर मंगळवारी दहा वाजता, क्लब हाउसमध्ये, या आजाराच्या लोकांसाठी क्लास असतो. हात लांबवर फेकायचे, पाय आपटायचे आणि मोठ्यानं ओरडायचं, "वन! टू!" कारण आजारात सगळं आखडत जातं, चाल, अक्षर, आवाज. आता नरेंद्र आयुष्यात कधी मोठ्यानं बोललेला माणूस नव्हे. एकटे जाईनात. मग काय? वीणाताईही शेजारी उभ्या राहून हात फेकतात, पाय आपटतात आणि ओरडतात!

मागच्या मंगळवारी नवीन ट्रेनर आली होती. तरुण, हसरी, पहिलाच दिवस. नरेंद्रांनी त्या दिवशी गोळी वेळेवर घेतलेली, हात कसे अगदी स्थिर, पूर्वीसारखे. आणि वीणाताई? सकाळपासून बटणं, गोळ्या, मोजे, पार्किंग, रात्रीची झोप नाही, हात नुसते लटलट कापतायत! ती पोरगी थेट वीणाताईंपाशी आली, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि मायेनं म्हणाली, "यू आर डूइंग सो वेल! कधीपासून आहे तुम्हाला हे?"

वीणाताईंनी शेजारी नवऱ्याकडे बघितलं, मनातल्या मनात लग्नाची वर्षं मोजली, आणि म्हणाल्या, "फोर्टी-टू इयर्स."